राजेश खन्नाचा जुळा भाऊ

गेल्या आषाढात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी ‘इत्तेफाक’ हा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. यातला ‘शेवटपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. सुरुवातीपासून तो मी चार वेळा पाहिलेला आहे आणि मधूनमधून किती वेळा, त्याचा हिशोब नाही. पहिल्या पाहण्यात आणि या पाहण्यात जवळपास पन्नास वर्षं गेली. तेवढ्या काळात पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं, हिमायतनगर आमच्या हदगावातून फुटून वेगळा तालुका झाला, माझं लग्न झालं, नोकरी झाली, निवृत्ती झाली. खून कोणी केला तो निकाल मला पहिल्यापासून माहीत होता. फक्त निकालपत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सिनेमा १९६९ सालचा. दिग्दर्शक यश चोप्रा. शिफॉनच्या साड्या आणि स्वित्झर्लंडचे डोंगर हे त्यांचं सगळं पुढचं. तेव्हा त्यांनी एका बंगल्यात एका रात्रीत घडणारी खुनाची गोष्ट घेतली होती. राजेश खन्ना चित्रकार असतो. बायकोच्या खुनाचा त्याच्यावर आळ. वेड्यांच्या दवाखान्यातून तो पळतो आणि रात्री एका बंगल्यात शिरतो. बंगल्यात एकटी नंदा. आपली नंदा, मास्टर विनायकांची मुलगी. मग न्हाणीघरात एक प्रेत दिसतं आणि परत बघायला जावं तर प्रेत नाही. याच्या पुढं मी काही सांगणार नाही. छप्पन्न वर्षं होऊन गेली तरी नाही. शेवट सांगणाऱ्या माणसामुळं दुसऱ्याचं काय होतं, ते मी भोगलेलं आहे.

मुळात आमच्या हदगावात रहस्य टिकत नाही. हवाच तशी आहे. नांदेडला मुलगी बघायला गेलेला पोरगा परतीच्या वाटेवर वारंगा फाट्याला उतरून खिचडी खातो. खिचडी संपेपर्यंत इकडं गावात मुलीची उंची, तिच्या बापाची एकरं आणि पोराकडून काय निरोप जाणार, हे सगळं कळलेलं असतं. तहसीलमध्ये कोणी कोणाच्या बांधावरून अर्ज दिला, हे साहेबांच्या आधी बाहेरच्या चहाच्या टपरीला माहीत. आमच्या लहानपणी वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या आणि गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा यायच्या. पुस्तकावर पुठ्ठा चढवून, शिक्का मारून ते कपाटात जायचं आणि आठवड्याभरात पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवायचं : ‘खुनी – मुनीम.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात : ‘बरोबर.’ आणि त्याखाली तिसऱ्या, थोड्या जबाबदार हस्ताक्षरात : ‘पुस्तकावर लिहू नये.’

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चालू आहे. करोनात वर्षभराहून थोडं जास्त बंद पडलं तेवढंच. प्रत्येक प्रयोगानंतर प्रेक्षकांना विनंती करतात की शेवट बाहेर कोणाला सांगू नका. आणि लोक म्हणे सांगत नाहीत! सत्तर वर्षं! हे मी आमच्या पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, “त्या लोकायला बोलायला माणसं नसतील गा.” मला ते पटलं.

तर १९७५ सालचा हिवाळा. मुंबईत ‘शोले’ लागून काही महिने झाले होते आणि हदगावात सहा वर्षांपूर्वीचा ‘इत्तेफाक’ येत होता. बाजाराच्या मैदानावर तंबू ठोकलेला. दिवसभर भोंगा लावलेली जीप गावातून फिरायची : आज रात्री, फक्त आज रात्री, राजेश खन्ना! हा ‘फक्त आज रात्री’ चार रात्री चालायचा. मी आठवीत. माझ्या सोबत माझा जिवलग दोस्त. त्याचं नाव छापलं तर तो स्टँडवर मला गाठेल, म्हणून त्याला इथं ग्रामसेवक म्हणतो. पुढं तो ग्रामसेवक झालाही. त्या वेळी मात्र आम्ही दोघंही बिनपगारी होतो. चार आणे जमवायला मी आईच्या डब्यातल्या शेंगा विकल्या. त्यानं काय विकलं, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

तंबूची रीत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. मधोमध कनात, इकडं बाप्ये, तिकडं बाया. पुढं जमीन, मागं बाकं, त्याच्या मागं चार लोखंडी खुर्च्या. त्या खुर्च्यांवर फौजदारसाहेब येवोत न येवोत, त्या रिकाम्याच. मशीन एकच. त्यामुळं एक रीळ संपलं की सिनेमा थांबायचा, बल्ब लागायचा, ‘शेंगा, फुटाणे’ ओरडत पोरं शिरायची. दुसरं रीळ चढलं की बल्ब बंद आणि पुढची गोष्ट सुरू. हिचकॉकनं १९६० साली ‘सायको’ काढला तेव्हा थेटरांना सक्त ताकीद दिली होती, सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. हदगावात हे कायद्यानंसुद्धा जमलं नसतं. आमच्याकडं माणसं मध्यंतरापर्यंत तंबूची कड उचलून, पोटावर सरपटत आत यायची आणि येऊन पहिला प्रश्न विचारायची, “कोण मेलं?”

पहिल्या तासातच एक गोष्ट पब्लिकच्या लक्षात यायला लागली. गाणं येत नव्हतं.

गाणं ही काही फक्त ऐकायची गोष्ट नाही. तंबूत गाण्याला एक व्यवस्था असते. गाणं लागलं की निम्मी जनता उठून मैदानाच्या कडेला जाऊन येते, विडी पेटवते, घोंगडी नीट करते, लेकरू दुसऱ्या मांडीवर घेते. रहस्यपटात तर गाण्याचीच वाट बघायची, कारण एरवी उठलं तर काहीतरी हुकतं. इथं दोन रिळं झाली, तीन झाली, गाणं नाही. थंडीचे दिवस. माणसं चुळबुळायला लागली. पडद्यावर राजेश खन्ना डोळे फाडून बंगल्यात फिरतोय, आणि खाली दोनशे माणसं मांडीवर मांडी घट्ट दाबून बसलेली. त्या तंबूत तेव्हा जो ताण होता, त्यात सलील चौधरींच्या पार्श्वसंगीताचा वाटा फार थोडा होता. मागून कोणीतरी ओरडलं, “मालक, गाणं लावा!” मग चौफेर सुरू झालं. “गाणं! गाणं!” शिट्ट्या. कनातीपलीकडून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “लाव की रे मुडद्या!”

रीळ संपलं, बल्ब लागला, बराच वेळ लागलेला राहिला. मग अंधार झाला. आणि गाणं आलं.

काय गाणं होतं! हिरवेगार डोंगर, राजेश खन्ना गुळगुळीत दाढी केलेला, मान तिरकी करून हसतोय, बाईचा हात हातात. अर्धा तंबू गाणं बघत होता आणि अर्धा मोकळा व्हायला धावत होता. मी बघणाऱ्यांत होतो. गाणं संपलं आणि राजेश खन्ना परत बंगल्यात आला, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल. ग्रामसेवकानं मला कोपर मारलं आणि कानात म्हणाला, “काहीतरी गडबड हाय गड्या.”

त्याचं पुढं ऐकायची वेळ आली नाही. शेवटची दोन रिळं राहिली असतील. पडद्यावर दाराची मूठ हळूहळू फिरत होती. तंबूत चिटपाखरू हलत नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागं टॉर्चचा झोत पेटला, सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला. वडील. त्यांनी बाकांमधून येऊन माझा कान धरला आणि मला उभं केलं. मशीनच्या उजेडात आमची सावली थेट पडद्यावर पडली. नंदाच्या दिवाणखान्यात एक भला मोठा हात आणि त्या हातात लोंबकळणारा एक कान. पब्लिकला दोन सेकंद वाटलं, सिनेमातच काहीतरी झालं. एक बाई किंचाळली. ती माझी सिनेमातली पहिली आणि शेवटची भूमिका.

ग्रामसेवक तिथंच राहिला. त्याचं नशीब.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं मला मधल्या सुट्टीपर्यंत झुलवलं. शेवटी एक गारेगार आणि भूमितीची सोडवलेली वही एवढ्यावर सौदा ठरला. गारेगार अर्धं संपल्यावर तो इकडंतिकडं बघून म्हणाला, “जुळा भाऊ.”

“कोणाचा?”

“राजेश खन्नाचा. दोघं असतेत. एक दाढीवाला, एक बिनदाढीचा. खून त्यानं केला, नाव ह्याचं.”

मी थक्क झालो. एवढा साधा, एवढा पक्का शेवट. त्या काळात तो शंका घेण्यासारखा मुळीच नव्हता. ‘आराधना’त राजेश खन्नाच बाप आणि राजेश खन्नाच लेक. ‘सच्चा झूठा’मध्ये एक भला राजेश खन्ना, एक चोर राजेश खन्ना. राज खोसलांच्या ‘वह कौन थी?’मध्ये साधनाला जुळी बहीण, ‘मेरा साया’मध्ये परत साधनाला जुळी बहीण. (ज्यांनी हे दोन पाहिले नसतील त्यांनी मला माफ करावं, साठेक वर्षं म्हणजे पुरेशी मुदत झाली.) हिंदी सिनेमात त्या दिवसांत सरळ एकुलत्या एक जन्मलेल्या माणसानं खून करणं हीच दुर्मीळ गोष्ट होती.

आणि इथून माझा गुन्हा सुरू होतो. तो शेवट मी पन्नास वर्षं वाटला. नववीतल्या पोरांना सांगितला, नांदेडला कॉलेजात खोलीतल्या पोरांना सांगितला. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो तेव्हा पावसाळ्यात पोरं कमी आली की वर्गात सांगितला. नवं नवं लग्न झालं तेव्हा बायकोला सांगितला. त्या पहिल्या महिन्यात सांगण्यासारखं दुसरं माझ्याकडं काही नव्हतं. हदगाव, तामसा, मनाठा या पट्ट्यातल्या निदान दोन पिढ्या राजेश खन्नाच्या जुळ्या भावाला माझ्यामुळं ओळखतात. काहींनी म्हणे सिनेमा बघायचाच सोडून दिला, शेवट कळला म्हणून.

मला मात्र बघायचा होता. शेवट माहीत होता, पण तो जुळा भाऊ येतो कसा, दारातून का खिडकीतून, हे डोळ्यांनी बघायचं होतं. १९८८ च्या गणपतीत मंडळानं नांदेडहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. एका रात्रीत तीन सिनेमे : एक देवाचा, एक मारामारीचा आणि माझ्या आग्रहानं तिसरा ‘इत्तेफाक’. तिसरा लागला तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते. मांडवात मी, गणपती आणि एक कुत्रं. मला जाग आली तेव्हा सेटवाला वायरी गुंडाळत होता. गणपतीनं बहुतेक शेवट पाहिला असावा.

पुढं घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ‘इत्तेफाक’! मी धाकट्या भावाला माळवदावर अँटेना धरायला उभं केलं. अर्धा सिनेमा झाला, बातम्या लागल्या. बातम्यांत लाईट गेली. लाईट आली तेव्हा कृषिविषयक माहिती चालू होती. भाऊ अजून वर उभाच होता, त्याला कोणी ‘उतर’ म्हटलंच नव्हतं. केबल आली तेव्हा एकदा लागला, तर दर पाच मिनिटांनी साबण. आणि नेमक्या शेवटच्या टप्प्याला सासुरवाडीची मंडळी आली. सासऱ्यांसमोर पडद्यावर प्रेत ठेवून बसणं बरं दिसत नाही. मी टीव्ही बंद केला. सासरे म्हणाले, “चालू द्या की जावईबापू, कोणता हाय?” मी म्हणालो, “असाच. जुळ्या भावाचा.”

२०१७ मध्ये त्याच नावाचा नवा ‘इत्तेफाक’ निघाला. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं बघितला आणि फोनवर म्हणाला, “बाबा, यात जुना शेवट बदलून टाकलाय.”

“म्हणजे जुळा भाऊ काढला की काय?”

“कोणता जुळा भाऊ?”

म्हटलं, बघा, एवढा चांगला जुळा भाऊ आणि या नव्या पोरांनी तो काढला. मी त्याला नव्या दिग्दर्शकांवर दहा मिनिटं ऐकवलं. तो ‘हं, हं’ करत राहिला. आता मागं वळून पाहिलं की कळतं, तो धागा मला तेव्हाच सापडायला हवा होता. पण रहस्यकथेत सगळ्यात जवळ उभ्या माणसाला शेवटीच कळतं.

तर गेल्या आषाढात मुलगा, सूनबाई, नातू गावी आलेले. बाहेर पावसाची झड. पेरण्या उरकल्या होत्या, आता वर बघण्यापलीकडं काम नव्हतं. सूनबाईनं मोबाइलवरून टीव्हीवर सिनेमा जोडून दिला. “बाबा, पूर्ण आहे, चांगली प्रिंट आहे.” मी खोलीचा दिवा मालवला, दार लावलं आणि जाहीर केलं : घरात सव्वाअकरापर्यंत कोणी मरायचं नाही, कोणी जन्मायचं नाही.

पहिला धक्का सुरुवातीलाच. सिनेमा रंगीत होता! तंबूतलं रीळ इतकं झिजलेलं की त्यात सगळ्यांचे चेहरे हळदीच्या कढईतून काढल्यासारखे, आणि दूरदर्शनवर तर रंगाचा प्रश्नच नव्हता. नातवानं विचारलं, “आजोबा, हा हिरो का?” मी म्हणालो, “हा एक. अजून एक येणार आहे.” बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. तिला पन्नास टक्के माझ्यामुळं आणि पन्नास टक्के मालिकांमुळं सगळं माहीत असतं.

हिचकॉक म्हणायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं की वर बसलेल्या माणसांचं साधं बोलणंसुद्धा जीव टांगणीला लावतं. माझं तसंच झालं. नंदा पडदा सरकवते, मी पुढं वाकतो : आला! नाही आला. जिन्यावर पाऊल वाजतं : हाच! तो पोलीस असतो. राजेश खन्ना आरशात बघतो तेव्हा तर मी खुर्चीतून उठलोच होतो. आरशात एकच राजेश खन्ना. इन्स्पेक्टर इफ्तेखार आले, त्यांचं नाव कर्वे. बायको म्हणाली, “म्हणजे पुण्याचे. मग लागतो तपास.” नंदाबद्दल माझी सहानुभूती बघून मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही तिच्यावर संशयच घेत नाही.” मी म्हणालो, “अरे मास्टर विनायकांची मुलगी ती. आयुष्यभर सिनेमात बहिणीची कामं केली.” गजानन जागीरदारही दिसले. एवढी घरची माणसं असल्यावर संशय तरी कोणाकोणावर घ्यायचा?

तासभर झाला. मी गाण्याची वाट बघत होतो. पाणी प्यायला उठायचं होतं, पण मनात होतं, गाणं लागलं की जाऊ. ते हिरव्या डोंगरातलं, गुळगुळीत दाढीचं. न राहवून सूनबाईला म्हणालो, “यात गाणं कापलंय वाटतं.” तिनं मोबाइलमध्ये बघितलं आणि म्हणाली, “बाबा, या सिनेमात गाणं नाहीये. एकसुद्धा.”

“असं कसं? मी पाहिलंय.”

“नाहीये बाबा. त्यासाठीच तर फेमस आहे. यांच्याच बॅनरनं १९६० मध्ये ‘कानून’ काढला होता, तोही बिनगाण्याचा.”

‘कानून’ मला माहीत होता. त्यात नाना पळशीकरांना फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं होतं, ही माझी वर्गातली आवडती माहिती. पण ‘इत्तेफाक’ला गाणं नाही? मग तो डोंगर? ती बाई? तो हात? मी गप्प बसलो. पोटात काहीतरी हललं. ते जेवणाचं नव्हतं.

आणि लाईट गेली.

अख्खं घर ओरडलं. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब चालते, टीव्ही नाही. बाहेर पाऊस, गल्लीत बेडूक, आणि डीपीकडून एक बारीक निळा उजेड येऊन गेलेला. शेजारी अंगणात येऊन म्हणाले, “फांदी पडली असंल. सकाळीच येतेय आता.” पन्नास वर्षं मी त्या सिनेमाच्या शेवटच्या वीस मिनिटांशी अशीच पाठशिवणी खेळतोय. मी अंधारात बसून राहिलो. नातू म्हणाला, “आजोबा, रडू नका, मोबाइल आहे ना.” मी रडत नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते वेगळं.

मग सूनबाईच्या मोबाइलवर, तळहाताएवढ्या पडद्यावर, सहा डोकी एकमेकांना लागून आम्ही शेवट पाहिला. शेजारीही आत आले होते. बॅटरी अकरा टक्के. मी दाराकडं बघत होतो, खिडकीकडं बघत होतो. सिनेमातल्या आणि घरातल्या, दोन्ही. बायको खून झाल्यापासून एका माणसाचं नाव घेत होती, कारण म्हणे, “जो फार गोड बोलतो तो.” तिचं बरोबर निघालं की नाही, ते मी सांगत नाही, पण त्यानंतर ती दोन दिवस फार खुशीत होती. सिनेमा संपला. जुळा भाऊ आला नाही.

“संपला?” मी म्हणालो.

“संपला,” सूनबाई म्हणाली. “का हो बाबा?”

“काही नाही. अजून थोडा असेल असं वाटलं.”

शेजारी उठता उठता म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तर पाचवीत आम्हाला सांगितलं होतं जुळा भाऊ म्हणून.” त्यांना मी पाचवीला शिकवलेलं आहे, हे मी विसरलो होतो.

रात्रीचे साडेअकरा. ग्रामसेवक आता निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडं राहतो. मी ओट्यावर रेंज येते त्या कोपऱ्यात उभा राहून त्याला फोन लावला. पाचव्या रिंगला उचलला.

“कोण गेलं?” तो झोपेतच म्हणाला. आमच्या वयात या वेळेला गावाकडून फोन आला की एवढंच विचारायचं असतं.

“कोणी गेलं नाही. ‘इत्तेफाक’ पाहिला. आत्ता. पुरा.”

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग एकदम जागा होऊन म्हणाला, “तंबूतला? आपला?”

“तोच. एक सांग. मला वडिलांनी उचलून नेल्यावर तू थांबला होतास ना? शेवट पाहिलास ना?”

“थांबलो होतो की.”

“मग?”

“मग दहा मिनिटांत तुझे वडील परत आले. माझ्या बापाला घेऊन.”

एवढी वर्षं हे त्यानं पोटात ठेवलं होतं. हदगावच्या माणसानं! मी ओट्याच्या कडेला टेकलो.

“म्हणजे तू शेवट पाहिलाच नाहीस?”

“पाहायची गरजच नव्हती लेका. डोकं चालवलं. दाढीचे खुंट वाढलेला माणूस गाण्यात गुळगुळीत दिसतो आणि गाणं संपलं की परत खुंट. रात्र तीच. एका रात्रीत दाढी जाऊन परत येईल का? दोन माणसं असल्याशिवाय हे होतं का, तूच सांग.”

तेव्हा मला लख्ख दिसलं. लागलेला राहिलेला बल्ब. मशीनपाशी रीळ शोधणारा तंबूवाला. पब्लिक ऐकेना, तसं त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाच्या रिळातलं राजेश खन्नाचं एक गाणं मध्येच जोडून दिलं होतं. यश चोप्रांनी जिद्दीनं गाळलेलं गाणं हदगावच्या थंडीनं आणि दोनशे माणसांच्या निकडीनं परत आत घातलं होतं. आणि त्या जोडाच्या फटीतून राजेश खन्नाचा जुळा भाऊ जन्माला आला होता. पुराव्याच्या हिशोबानं ग्रामसेवकाचं अनुमान अगदी बिनचूक होतं. इन्स्पेक्टर कर्व्यांनीही तेवढ्या पुराव्यावर तेच म्हटलं असतं.

“अरे बोल की,” तो म्हणाला. “मग? निघाला ना शेवटी जुळा भाऊच?”

दारात बायको उभी होती, आतून नातवाचा आवाज येत होता. डीपीकडं कोणीतरी बॅटरी घेऊन चाललं होतं. मी भूमितीची वही आठवली, गारेगार आठवलं, तालुक्यातल्या दोन पिढ्या आठवल्या.

“निघाला,” मी म्हणालो. “जुळा भाऊच निघाला.”

“मी म्हटलंच होतं,” ग्रामसेवक म्हणाला आणि समाधानानं झोपायला गेला.